उंदीर कुठल्या घरचा?

१९०५ सालापासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये रोज उंदीर येऊ लागले. काही पिंजऱ्यात पकडलेले जिवंत, काही चाळींच्या कोनाकोपऱ्यांत मरून पडलेले. प्रत्येकाबरोबर तो कुठे सापडला याची नोंद असायची: विभाग कुठला, गल्ली कुठली, घर कुठलं. टेबलावर घेऊन त्याची चिरफाड व्हायची. मानेजवळ सुजलेली गाठ, कातडीखाली लाली, यकृतावर पांढुरके ठिपके, छातीत साचलेलं पाणी असं दिसलं की तो प्लेगचा उंदीर ठरायचा. मग शहराच्या नकाशावर त्या जागी खूण व्हायची, तारीख पडायची. वर्षभरात एक लाखाहून अधिक उंदीर असे तपासले गेले.

ज्या वास्तूत हे चालत होतं तिथे एके काळी मुंबईचे गव्हर्नर राहत. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका गव्हर्नरच्या पत्नीचं तिथेच कॉलऱ्यानं निधन झालं आणि गव्हर्नरांनी मलबार हिलवर मुक्काम हलवला. रिकाम्या वास्तूत १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था.

शहरात माणसं मरत असताना उंदीर मोजायची वेळ का आली, हे समजून घ्यायला नऊ वर्षं मागे जावं लागतं. कारण त्याआधी सरकारनं माणसं मोजून पाहिली होती, आणि तो हिशेब कधीच जुळला नव्हता.

मांडवी, १८९६

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या गोदामांचा भाग. खाली पोती, वर माणसं, मधल्या भिंतींत उंदीर. १८९६ च्या पावसाळ्यात तिथे उंदीर पडू लागल्याची कुजबुज होती. सप्टेंबरात त्या भागात दवाखाना चालवणारे डॉक्टर अकाशिओ व्हिएगस यांना असे रोगी दिसू लागले ज्यांना सडकून ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि दोन-चार दिवसांत माणूस जाई. मूळचे गोव्याचे व्हिएगस महापालिकेचे सदस्यही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी स्थायी समितीत उघडपणे सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि कितासातो यांनी या रोगाचा जंतू शोधला होता, त्यामुळे शंका फार काळ टिकली नाही. धोबी तलावाच्या चौकात आज व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. त्यांनी सांगितलेली गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने गैरसोयीची होती. बंदर बंद पडण्याची भीती सगळ्यांनाच होती. तरीही ते बोलले, म्हणून ते माझ्या लेखी या कथेतले पहिले नोंदणीकार.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्तांनी हुकूम काढला: प्लेगचा रोगी आढळला की त्याला वेगळं काढून रुग्णालयात हलवायचं, नाही म्हटलं तरी. हा रोगी जायचा आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात. तिथून बहुतेक जण परत येत नसत, कारण रोगच तसा होता. पण चाळीतून पाहणाऱ्याला एवढंच दिसे की सरकारी माणसं आली, माणूस उचलून नेला, आणि तो गेला. जात, सोवळंओवळं, बायकांची अब्रू, मरताना तोंडात पाणी घालायला आपलं माणूस, या सगळ्यावर घाला पडल्यासारखं लोकांना झालं. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. महिनाअखेर हुकूम सौम्य करावा लागला.

सोनापूरचा कारकून

मुंबईत मृत्यूची नोंद स्मशानांवर आणि कब्रस्तानांवर व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे कारकून बसत. मयत आलं की नाव, वय, जात, राहण्याचं ठिकाण आणि मृत्यूचं कारण वहीत लिहायचं. कारण सांगायचे ते खांद्यावर मयत आणणारेच. सोनापूर हे त्यांतलंच एक स्मशान. ‘सोनापूरला गेला’ हा मुंबईच्या मराठीतला वाक्प्रचार त्या काळी रोजचाच झाला होता.

आता कारकुनासमोर उभ्या राहिलेल्या मुलाचा विचार करा. बाप सकाळी गेला. जांघेत गाठ होती हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘प्लेग’ म्हटलं तर घराचे कौल उतरवणार, अंथरूण-पांघरूण जाळणार, उरलेल्यांना छावणीत नेणार. ‘ताप’ म्हटलं तर अग्नी देऊन घरी जाता येणार. तो ताप म्हणून सांगतो, कारकून ताप लिहितो.

असे शेकडो मुलगे, भाऊ, नवरे रोज खोटं सांगत होते, आणि ते का सांगत होते हे आज आपल्याला कळायला हवं. परिणाम असा झाला की वहीतले प्लेगचे आकडे थोडे आणि तापाचे, छातीच्या विकारांचे आकडे एकाएकी फुगलेले. अधिकाऱ्यांनी मग दुसरा मार्ग काढला. आधीच्या वर्षांत त्याच आठवड्यात सरासरी किती मृत्यू होत, ते पाहायचं, यंदाच्या एकूण मृत्यूंतून ते वजा करायचे, आणि उरतील त्यांतले बहुतेक प्लेगचे धरायचे. कारण लपवता येतं, प्रेत लपवणं अवघड, या एका गोष्टीवर हा हिशेब उभा होता. करोनाच्या काळात जगभर ‘अतिरिक्त मृत्यू’ हा शब्द ऐकू आला. त्याच तऱ्हेची वजाबाकी सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या आरोग्य खात्यात चालत होती.

पण या वजाबाकीत एक उणीव होती. किती मेले ते तिच्यातून कळे. रोग आज कुठल्या घरात आहे आणि उद्या कुठे जाणार, ते कळत नसे. साथ थोपवायची तर तेच कळायला हवं होतं.

झडती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती बसली. आता शोध घरोघर सुरू झाला. पथकं पहाटे गल्ली वेढत, खोल्या उघडायला लावत, तापलेलं अंग शोधत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात. ज्यांच्या दारावर ती उमटली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. अर्थ मात्र सगळ्यांना कळत होता.

समितीला लवकरच उमगलं की निव्वळ बळानं रोगी सापडत नाहीत. वस्तीतली वजनदार माणसं झडतीबरोबर घेतली गेली. पारशी, जैन, भाटिया, खोजा, मेमन अशा जमातींना स्वतःची प्लेग रुग्णालयं चालवायची मुभा मिळाली. आपल्या माणसांच्या हातचं पाणी मिळणार म्हटल्यावर लोक रोगी आणू लागले. आगाखानांनी लोकांदेखत हाफकिन यांची प्लेगची लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातली भीती ओसरली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ही लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली होती.

पुण्यात उलटं घडलं. तिथे गोरे सैनिक घरांत शिरले, देवघरांपर्यंत गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्याजवळ त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवरून आणलं होतं. रोग्यापर्यंत पोचायचे हे दोन रस्ते एकाच गावात, एकाच हंगामात दिसले.

मुंबईही सुटली नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या घरातल्या एका आजारी मुलीला हलवण्यावरून दंगल पेटली आणि शहरभर पसरली. त्यानंतर सरकारनं हळूहळू सक्ती सैल केली.

वसईच्या खाडीपलीकडे

१८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली. कोकणाकडे बोटीनं, देशावर जी.आय.पी. रेल्वेनं आणि गुजरातकडे बी.बी.सी.आय. रेल्वेनं.

गुजरातची ही वाट आमच्या गावावरून, भाईंदरवरून जाते. ग्रँट रोडहून सुरतेला जाणारी गाडी १८६४ साली सुरू झाली. भाईंदर म्हणजे तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीचं उत्तर टोक. मिठागरं, भातखाचरं, उत्तनला कोळ्यांच्या होड्या, आणि पुढे वसईच्या खाडीवरचा पूल. त्या हिवाळ्यात पुलावरून गेलेल्या गाड्यांत गाठोडी होती, तान्ही मुलं होती, आणि काही गाठोड्यांत पिसवाही होत्या. हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. स्थानकांवर डॉक्टर प्रवाशांना उतरवून अंग चाचपत, काखा-जांघा तपासत. कल्याणला अशी मोठी तपासणी चाले. ताप असलेला माणूस तिथे सापडे. पोत्यात बसून चाललेला उंदीर आणि कपड्यातली पिसू यांना मात्र कोणीच हात लावला नाही. रोग साष्टीत आला, ठाण्यात आला, आणि पुढे देशभर गेला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसं प्लेगनं गेली.

साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत आणि वांद्रे-माझगावच्या गल्ल्यांत त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस अजून आहेत. रोगापासून गाव वाचावं म्हणून लोकांनी एकत्र येऊन ते बांधले, त्यांच्यापुढे प्रार्थना म्हटल्या. सरकारी वहीत जे दुःख ‘ताप’ म्हणून दडलं, ते इथे दगडात उघडं उभं आहे.

खेड्यांतल्या लोकांजवळ आणखी एक शहाणपण होतं. उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या बांधून राहायचं. आमच्या पिढीच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी ‘उंदीर पडले’ हे शब्द प्लेगच्या वर्षांची खूण म्हणून आले आहेत. अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांची शास्त्रीय समजूत वेगळी होती. रोग घाणीत, जमिनीत, कोंदट हवेत असतो असं ते मानत. म्हणून गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिकनं धुतली गेली आणि भिंतींना चुना लागला. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं पुढे दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. उठवलेली बरीच कुटुंबं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं राहिली, आणि हुसकलेले उंदीर शेजारच्या घरांत गेले.

पिसवांचा माग

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं प्रयोग करून दाखवलं की आजारी उंदरापासून निरोगी उंदराला प्लेग होतो तो पिसवांमुळे. फार थोड्यांनी विश्वास ठेवला. मुंबईत कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी तो धागा उचलला. राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगनं मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. एका चाळीत आधी उंदीर पडले, मग रहिवाशांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला, मग माणसं आजारी पडली. लिस्टननी अशा खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडले. फिरून आलेल्या प्राण्याच्या अंगावर पिसवा मोजता येत. ज्या खोलीत माणसाला विचारून काही कळलं नसतं, तिथे गिनीपिग धोका गोळा करून आणत होता.

१९०५ साली इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून नवं प्लेग संशोधन मंडळ नेमलं. लिस्टर इन्स्टिट्यूटचे चार्ल्स मार्टिन, मेजर जॉर्ज लॅम, लिस्टन आणि त्यांचे सहकारी परळला कामाला लागले. आवारात त्यांनी छोट्या कोठड्या बांधल्या. प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, पण पिसवा येऊ दिल्या नाहीत, तेव्हा रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी आजारी पडला, दोन फुटांवर टांगलेला वाचला. उंदराची पिसू चार-पाच इंचांहून उंच उडी मारू शकत नाही. हवेतून रोग येतो ही समजूत त्या दोन पिंजऱ्यांनी मोडली.

मग उंदरांचा नकाशा. मंडळानं शहराबरोबरच परळ, वरळी, वडाळा आणि शीव ही त्या काळची गावं निवडली, आपल्या भाईंदर-उत्तनसारखीच. छोट्या वस्तीत प्रत्येक घर नकाशावर मांडता येतं. कुठल्या दिवशी कुठल्या घरात प्लेगचा उंदीर सापडला आणि कुठल्या दिवशी कुठल्या घरात माणूस आजारी पडला, दोन्ही खुणा एकाच कागदावर आल्या. महिनोन्‌महिने मांडल्यावर एक क्रम दिसू लागला. आधी गटारांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ येते. सुमारे दहा दिवसांनी ती कौलांत, अडगळीत, माणसाच्या शेजारी राहणाऱ्या काळ्या उंदरांत शिरते. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं आजारी पडतात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी राहतात आणि जवळच्या उबदार अंगाकडे वळतात. ते अंग बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाचं असे.

म्हणजे आजारी माणूस शोधत बसायची गरजच नव्हती. तो आजारी पडण्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी गटारातला उंदीर पत्ता सांगत होता. तेवढ्या वेळात घर रिकामं करता येतं, लस टोचता येते, आणि कोणाच्याही बायको-मुलीच्या अंगाला हात लावावा लागत नाही. खेड्यातल्या माणसानं ‘उंदीर पडले, चला’ म्हणून जे जाणलं होतं, त्याला आता तारखा आणि नकाशे मिळाले.

एवढ्यानं प्लेग लगेच संपला नाही. तो पुढे कितीतरी वर्षं दर हिवाळ्यात येत राहिला, पण माग काढायची रीत बदलली. १९११ साली चार्ल्स बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा त्यांनी मुलांच्या सुजलेल्या पानथऱ्या विभागवार मोजल्या आणि घरोघरच्या विहिरींत डासाच्या अळ्या शोधल्या. माणसाच्या मागे लागण्याऐवजी रोग कुठे वाढतो ते शोधायची सवय आरोग्य खात्याला लागत होती.

१९१८ साली इन्फ्लुएंझा आला. त्याला उंदीर नव्हता, विहीर नव्हती, आधी इशारा देणारं कोणी नव्हतं. जूनमध्ये गोदीतल्या काही पोलीस शिपायांपासून सुरुवात झाली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्याकडे पुन्हा स्मशानाची वहीच उरली. यावेळी घरोघर औषध आणि दूध पोचवायला स्वयंसेवी मंडळी पुढे आली, आणि लोकांनी त्यांना दारं उघडली.

दारावरचा खडू

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. मिठागरांच्या आणि खाचरांच्या जागी आता इमारती आहेत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. आमच्या आसपासच्या इमारतींवर फलक लागले, फाटकं बंद झाली. त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी तीन दिवस ताप लपवला. आपल्याला नेतील आणि परत आणणार नाहीत, एवढंच त्या म्हणत होत्या. प्लेगचा इतिहास त्यांनी वाचलेला नव्हता. सोनापूरच्या कारकुनासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलाचीच भीती त्यांच्या बोलण्यात होती. शेवटी त्यांनी ताप सांगितला तो आमच्या भागातल्या आशाताईंना. कारण त्या ताईंनीच त्यांच्या नातवाला पोलिओचे थेंब पाजले होते.

पोलिओच्या रविवारनंतर घरोघर फिरणाऱ्या या बायका दाराच्या चौकटीजवळ खडूनं खूण करतात. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’ आणि तारीख. एखादं मूल राहिलं असेल तर फुली. ‘यू.एच.एच.’ सारखीच ही घराघरांची नोंद, दारावर लिहिलेली. परळच्या नकाशावरच्या खुणेसारखी तिलाही तारीख असते. पण फुलीच्या घराला कोणी वेढा घालत नाही. तीच ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढून येते, घंटी वाजवते आणि विचारते, ‘बाळ आलं का मामाकडून?’ आमच्या दारावरची फुली तिनं एकदा स्वतःच्या पदरानं पुसली आणि तिथे ‘पी’ लिहिला.